संसदेच्या दारातली झडती

लोकसभेच्या प्रेक्षक गॅलरीत आमच्या वाट्याला जेमतेम एक तास आला होता. तो माझ्यामुळे गेला. हे मी आजवर घराबाहेर कुणाला सरळ सांगितलेलं नाही.

बायको नारायण पेठेतल्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. दर वर्षी फळ्यावर सभागृहाचा अर्धगोल काढते, अध्यक्ष कुठे, विरोधक कुठे, सगळं खडूने. "एकदा खरं बघायचंय हो," एवढंच तिचं मागणं. खासदारांच्या कार्यालयात खेटे घालून पास मी मिळवले, हे आपलं माझ्या बाजूने सांगून ठेवतो.

मी स्फोटकांच्या कारखान्यात आहे. फाटकावर रोज झडती. काडेपेटी, तंबाखू, मोबाईल, काही आत न्यायचं नाही. माझी पुडी आणि चुन्याची पत्र्याची डबी मात्र डाव्या मोज्यातून आत जायची. चाचपणारे हात घोट्यापर्यंत पोचत नाहीत. तोंडात पांढरा चट्टा निघाला तेव्हा बायकोपुढे देवावर हात ठेवून तंबाखू सोडली. घरापुरती सोडली. मोजा तसाच चालू राहिला.

दिल्लीत त्या सकाळी हाताने सवयीने तेच केलं. एका झडतीतून सुटलोही. शेवटच्या दारात जवानाच्या हातातलं यंत्र घोट्याशी येऊन किंचाळलं.

"अंकल, ये क्या है?"

खिशात असती तर काढून घेऊन सोडलं असतं. लपवलेली होती म्हणून बाजूला बसवलं. साहेब आले, दुसरे साहेब आले. कुठे नोकरी, म्हणून विचारलं. स्फोटकं म्हटल्यावर तर आणखी एक साहेब आले. बायको बायकांच्या पडद्याआडून केव्हाच पलीकडे गेली होती. आमची तुकडी आत निघाली तेव्हा तिचा आवाज ऐकू आला, "नाही, हे आल्याशिवाय मी नाही जाणार."

जा म्हणून ओरडायला हवं होतं मला. नाही ओरडलो. ओरडलो असतो तर कारण सांगावं लागलं असतं.

मला सोडलं तेव्हा वेळ संपली होती. "नावाचा काहीतरी घोळ झाला त्यांचा," मी म्हणालो.

दुपारभर ती धुमसत होती. आता आलोच आहोत म्हणून विज्ञान आणि चित्रकला एकत्र मांडणाऱ्या एका गॅलरीत शिरलो. तिथेही तिचं चालूच.

"मुलांना सांगते, हे सभागृह तुमचं आहे. कुठल्या तोंडाने सांगू आता? तक्रार करणार आहे मी. त्या जवानाची बदलीच झाली पाहिजे."

"जाऊ दे ना."

"तुमचं आपलं जाऊ दे! अडवलं तुम्हाला, आणि रागही मीच करायचा?"

एका भिंतीवर गुलाबी-जांभळ्या नक्षीचं भलंमोठं चित्र होतं. ती जरा निवली. "बघा, पैठणीचा पदर पसरल्यासारखं." मग सवयीप्रमाणे खालची पाटी मोठ्याने वाचायला लागली. सूक्ष्मदर्शकाखालून पाहून रंगवलेली, तंबाखूने बिघडलेली तोंडातली पेशी. ती थांबली. माझ्या दंडावर हात ठेवला.

"वेळेत सोडलीत बाई तुम्ही."

तो हात मला सोसवेना. तक्रार जाणार, कुणा पोराची नोकरी डगमगणार, आणि वर हे कौतुक. मी भिंतीकडे बघतच बोललो. "घोळ नावाचा नव्हता. डबी सापडली. मोज्यात."

"कसली डबी?"

"चुन्याची."

तिने दंडावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "म्हणजे मी बाहेर थांबले ती तुमच्या चुन्यासाठी."

"हो."

"आ करा."

"इथे?"

"मग कुठे, लोकसभेत?"

तिने मोबाईलचा दिवा लावला. माझी हनुवटी धरून ती गाल ओढून ओढून बघत राहिली. शाळेची सहल आली होती; दोन मुली थबकून आमच्याकडे बघायला लागल्या, बहुधा आम्हीही प्रदर्शनात मांडलेले वाटलो असू. शेवटी तिने दिवा मालवला. काय दिसलं ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, हिंमत नव्हती.

"पुण्यात उतरल्यावर आधी डॉक्टर," ती म्हणाली. "आणि पुढचं अधिवेशन बघायला मी एकटी येईन. पास माझा मी काढीन."