आमचे सर, जे पुण्यात कोणालेच भेटले नाहीत

कंपनी पुण्यात आन् मी बुलढाण्यात, घराच्या वरच्या खोलीत. काम काय, तर सॉफ्टवेअरवाल्या कंपन्यांले माणसं शोधून द्यायची. माझा इंटरव्ह्यू फोनवरच झाला. शाळेपासून मास्तरांच्या नकला करत आलो, म्हटलं एक दिवस पुणेकराची करून पाहू. चार वेळा 'अगदी, अगदी' म्हटलं आन् नोकरी लागली.

पहिल्याच दिवशी आमच्या टीम लीड मॅडमले विचारलं, "मॅडम, जावा म्हणजे नक्की काय असतं?"

"तुला ते कळायची गरज नाही. कंपनीने जे मागितलंय ते बायोडाटात आहे का, एवढंच बघ."

म्हणजे लग्न जुळवणाऱ्या मामाचं काम. फरक इतकाच, की मामाचं कोणीतरी ऐकतं. माझा आवाज कोवळा. डेव्हलपर लोकं "मीटिंगमध्ये आहे" म्हणून फोन ठेवून द्यायचे आन् मागून कुकरची शिट्टी ऐकू यायची. त्यात मॅडमची अट, तीन महिन्यांत एकतरी माणूस पक्का झाला पाहिजे, नाहीतर घरी. घरी तर मी होतोच, तरी भीती वाटायची.

एक दिवस एक उमेदवार वैतागून म्हणाला, "तुमच्या सीनियरना द्या जरा." आता खोलीत सीनियर म्हणजे पंखाच. मी "एक मिनिट हं" म्हटलं, म्यूट दाबलं, घोटभर पाणी प्यायलो आन् सर होऊन आलो. घसा आमच्या हेडमास्तरांचा, सवड बँकेतल्या मॅनेजरची. "हं... नमस्कार. बोला."

तो माणूस एकदम सरळ झाला. दहा मिनिटं बोलला. तेवढ्यात आई ट्रे घेऊन वर आली. ट्रेमध्ये पाहुण्यांचे कप, बिस्किटं. इकडेतिकडे पाहून म्हणे, "पाव्हने कुठी गेले रे?"

"कोनते पाव्हने?"

"आता तर बोलून राह्यले होते ना बे. भारदस्त मानूस वाटला." मी सरांच्या आवाजात "धन्यवाद वहिनी" म्हटलं, तर तिनं बिस्किटं परत नेली.

मग मले नादच लागला. खोटं काऊन बोलू, सुरुवातीले मजा होती, मग मले खरंच जाणून घ्यावंसं वाटलं. एकच प्रश्न मी माझ्या आवाजात विचारायचो आन् दोन दिवसांनी सरांच्या. मले उत्तर यायचं, "शंभर टक्के जॉईन करतो." सरांले यायचं, "सर, खरं सांगू का? अजून एक ऑफर आहे." एकानं मले सांगितलं की आधीची नोकरी प्रगतीसाठी सोडली. सरांले सांगितलं, काढून टाकलं होतं. सर तर काहीच करत नव्हते. प्रश्न विचारून गप बसायचे. मी गप बसलो की लोकं "हॅलो, हॅलो, येतोय का आवाज?" करायचे. सर गप बसले की तेच लोकं घाबरून खरं बोलायचे. एकाच गळ्यातली शांतता, तिच्यात इतका फरक कसा काय? हे मले अजून उमजलं नाही.

अशात साताऱ्याकडचा एक जण सापडला. पुण्यात एका लहान कंपनीत होता. जावा पक्की, बोलणं नम्र. सगळ्या फेऱ्या पार झाला, ऑफरचा मेल आला. तो पक्का झाला की मीही पक्का. पण त्याचा राजीनामा काही जाईना. मी विचारलं की म्हणे, "टाकतोच आज." मग सरांनी विचारलं. सर गप बसले आन् तो बोलला, "सर, बायकोला सातवा महिना आहे. दवाखान्याचा विमा आत्ताच्या कंपनीचा आहे. धीर होत नाही. तुम्ही सांगाल तसं करतो."

सरांनी "शांतपणे विचार करा, पण संधी चांगली आहे" म्हटलं. मी मात्र फोन ठेवून कॅलेंडरात तीन महिन्यांतले उरलेले दिवस मोजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन. "ऐक, क्लायंटने ती जागा होल्डवर टाकलीये, तूर्त भरती नाही. त्याला काही बोलू नकोस. राजीनामा टाकू दे. नोटीस संपेपर्यंत होल्ड उठेल."

"आन् नाही उठला तर?"

"तुला आधी टार्गेटची काळजी असू दे."

दुपारी त्याचाच फोन आला. "राजीनामा लिहून ठेवलाय. नुसतं सेंड दाबायचंय. एकदा सरांना देता का?"

म्यूटवर बोट ठेवलं. पाणी प्यायलो. सर काही आलेच नाहीत. हेडमास्तरांचा घसा लावून पाहिला, तर खोकलाच आला.

"सर नाहीत," मी म्हटलं.

"कधी येतील?"

"येणारच नाहीत. म्हणजे नाहीतच. सर मीच हाव."

त्याले वाटलं मी गंमत करतो. मग त्याले एक वाक्य सरांच्या आवाजात बोलून दाखवलं. तो इतका वेळ बोललाच नाही, की मलेच "हॅलो, हॅलो" करावं लागलं.

"म्हणजे विम्याचं, बायकोचं, समदं मी तुला सांगितलं?" तुम्हीचा तू झाला होता आन् नम्र पुणेरी आवाजही गेला होता. "लाज न्हाई वाटत?"

"वाटून राह्यली ना. म्हणूनच सांगतो, तो मेल नका धाडू, भाऊ. जागा होल्डवर आहे. मले सांगू नको म्हटलं होतं."

तिकडे खुर्ची सरकली. मले वाटलं आता शिव्या येतात. पण तो कोणाशी तरी बोलला आन् मग मले म्हणे, "थांब. हिला सांग तूच. सर म्हणले म्हणून हीच मागं लागलीया, टाका म्हणून. माझं ऐकायची न्हाई."

फोनवर बाई आल्या. "कोण बोलतंय?"

इतके आवाज येतात मले, पण त्या वेळी एकच निघाला. "ताई, मी बुलढाण्याहून बोलून राह्यलो. मानसं शोधायचं काम करतो." मग पहिल्यापासून सगळं सांगितलं, सरांसकट. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे जागा पक्की न्हाई?"

"आज तरी नाही."

"अहो, पुसा तो मेल," त्या तिकडे ओरडल्या. मग मले म्हणाल्या, "पक्की झाली तर फोन कराल का?"

"करीन."

"तुम्हीच करा. त्या सरांना नका लावू."

संध्याकाळी हे सगळं मॅडमले मीच सांगितलं, माझ्याच आवाजात. त्यांनी 'अगदी' नाही म्हटलं. प्रोबेशन दोन महिन्यांनी वाढवलं. होल्ड अजून उठला नाही. मी रोज सकाळी आधी तेच पाहतो.