पंखा बंद करा

निलंग्यात सिद्रामप्पा दवाखान्यात कुणाला भेटायला गेला, की पेशंट उठून बसायचा. खोटं वाटेल, पण स्टँडमागच्या एका म्हाताऱ्यानं तर सलाईनसकट उठून हात जोडले होते. "अप्पा, अजून हाय की ओ मी! कामून घाई करून राहिलाव?" सिद्रामप्पा हसायचा आणि पिशवीतली मोसंबी काढून उशाशी ठेवायचा. गावानं त्याचं नाव 'डोळेअप्पा' ठेवलं होतं, आणि ते त्यानं कधी मनाला लावून घेतलं नाही.

धंद्यानं तो गिरणीवाला. पेठेत त्याची पिठाची गिरणी, आणि संध्याकाळी गिरणीच्या ओट्यावर जमणाऱ्या सात-आठ जणांचं 'सोबती सेवा मंडळ'. मेडिकलवाला रामलिंग अध्यक्ष आणि बाकी सगळे चहाचे सभासद, असं लोक म्हणायचे. लोकांचं काय जातं म्हणायला! उन्हाळ्यात स्टँडवर पाणपोई घालायची ती याच माणसांनी, आणि पडलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी चाकाची खुर्ची घरपोच न्यायची तीही यांनीच. नेत्रदान मात्र एकट्या सिद्रामप्पाकडं, कारण मयताच्या घरी जाऊन डोळे मागायचे म्हणजे जोडे खायचं काम. त्यानं सुरवातीला दोन-तीन ठिकाणी खाल्लेही.

एखाद्या घरातून रडणं ऐकू आलं, की थोड्या वेळात तो उंबऱ्यात हजर. आधी घरच्यांच्या गळ्यात पडून रडून घ्यायचा, खरंखुरं, कारण गावात त्याला परकं असं कुणी नव्हतंच. मग हळूच म्हणायचा, "पंखा बंद करा. पापण्या मिटवा, वर वला कापूस ठिवा. वाऱ्यानं बुबुळ सुकतंय, मग कायबी उपेग न्हाई." तेवढ्यात लातूरच्या नेत्रपेढीतल्या सुगतला फोन गेलेला असायचा. हा सुगत मोठा कामाचा पोरगा, तास-दीड तासात गाडी घेऊन यायचा. लिंगायतांच्या घरी तर सिद्रामप्पाचं बोलणं ठरलेलं होतं. "आपुन जाळीत न्हाई, मातीत ठिवताव. मातीला डोळ्याचं काय काम हाय, सांगा बरं!" बारा वर्षांत त्रेसष्ट घरांनी त्याचं ऐकलं.

पण नेत्रदानाचा पहिला फॉर्म भरला तो त्याच्या बायकोनं. मठात बायकांची सभा होती, टेबलावर पेन ठेवलेला, आणि चाळीस बायका पदर तोंडाला लावून गप्प. सिद्रामप्पा बोलून बोलून घामाघूम झाला. तेव्हा मागून शिवकांता उठली. "लिवा माझं पयलं. घरच्या माणसाची अब्रू जाऊन राहिली हितं!" सभा खो खो हसली आणि त्या दिवशी अकरा फॉर्म भरले गेले. घरी आल्यावर मात्र ती हसली नाही. "लिवलंय, तर दिलंच पायजे बगा," ती म्हणाली. "आन् तुमच्या हातानं द्या."

तिचे डोळे होतेच तसे. साठी उलटली तरी चष्म्याविना सुईत दोरा ओवायची. गल्लीतल्या सुना गोधडी शिवायला बसल्या, की सुई घेऊन आधी हिच्याकडं. कुणी डोळ्यांचं कौतुक केलं, की ही म्हणायची, "कुन्या पोरीला बसले, तर तिचंबी शिवणं हुईल." मरणाचं बोलणं ती असं भाजी निवडता निवडता बोलायची, आणि सिद्रामप्पा गावाला धीट करणारा माणूस, तो उठून बाहेर जायचा.

मागच्या हिवाळ्यात तिच्या हृदयानं दगा दिला. लातूरच्या डॉक्टरांनी फायली पाहिल्या आणि घरी नेऊन सेवा करा म्हणाले. तिला दम लागायचा, आणि दम लागला की वारा लागायचा. पंख्याची हवा असली तर ठीक, पण फेब्रुवारीपासून लाईट जायला लागली, आणि लाईट गेली की सिद्रामप्पा पुठ्ठा घेऊन तिच्या उशाशी बसायचा. वारा थांबला, की ती लगेच डोळे उघडायची, म्हणून त्यानं थांबायचंच सोडून दिलं. चहा उजव्या हातात, तर पुठ्ठा डाव्या हातात. लेक वर्षाराणी लातूरहून येऊन राहिली होती. ती सांगते, अप्पाचा डोळा लागला तरी हात चालू असायचा.

मे महिन्यात, सकाळी अकराच्या सुमारास, शिवकांता गेली. लाईट नव्हती. वर्षाराणी आत पेज करत होती. सिद्रामप्पानं इतकी मरणं जवळून पाहिलेली, त्याला कुणी सांगायची गरज पडली नाही. त्यानं डाव्या हातानं फोन लावला. "सुगत, ये बाबा. आमच्या घरला ये."

 पलीकडून सुगतनं सवयीनं विचारलं, "पंखा बंद हाय ना, अप्पा?"

"हाव."

"बाकी तुमाला मी काय सांगू? उदगीरकडं हाय मी, टाईम लागंल, पण येतावच."

खोटं तो बोलला नाही. लाईटच नव्हती, तर पंखा बंदच होता. पण उजवा हात पुठ्ठा हलवत होता, चार महिने हलवत आला तसाच. तिचा श्वास थांबला होता, हे त्याला कळलं होतं. हाताला कुणी कळवलं नव्हतं. तिच्या पापण्या अर्ध्या उघड्या होत्या, आणि त्या उघड्या आहेत तोवर तिला वारा हवा आहे, एवढंच त्या हाताला ठाऊक.

आता यातली कमाल सांगतो, आणि सांगताना अजूनही मला राग येतो. घर माणसांनी भरलं. रामलिंग आला, मंडळातले सगळे आले, ज्यांच्या घरी सिद्रामप्पानं ओला कापूस ठेवायला लावला होता त्या बायकाही आल्या. वाऱ्यानं बुबुळ सुकतं हे त्या खोलीत पाठ नाही असं माणूस नव्हतं. सगळ्यांनी तो हलता पुठ्ठा पाहिला, ते उघडे डोळे पाहिले, आणि सगळे गप्प बसले. अप्पाला कोण शिकवणार? ज्यानं अख्ख्या गावाला शिकवलं, तो काहीतरी समजूनच करत असेल. रामलिंगनं एकदा तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. एक वाजता लाईट आली, आणि कुणीतरी आदरानं उठून पंखा तेवढा बंद केला.

सुगत पोचला तेव्हा अडीच वाजले होते. तो दारातच थबकला. मग पुढं येऊन त्यानं सिद्रामप्पाच्या हातातून पुठ्ठा काढून घेतला. "अप्पा," एवढंच म्हणाला. सिद्रामप्पानं आधी सुगतच्या हातातल्या पुठ्ठ्याकडं पाहिलं, मग तिच्या डोळ्यांकडं. त्यांच्यावरची चमक गेली होती. त्यानं दोन्ही हात आपल्याच थोबाडात मारून घेतले. "म्या काय केलं रे, सुगत! म्या काय करून बसलो!" बायकांना वाटलं, बायको गेली म्हणून रडतोय.

सुगतनं आपलं काम केलं. संध्याकाळी शिवकांताला बसवून, कपाळी भस्म लावून, रुद्रभूमीत नेऊन मातीत ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सुगतचा फोन आला. "न्हाई बसले, अप्पा. लई बगितलं. पार सुकून गेले हुते." मग तो म्हणाला, "घरच्यांना काय सांगायचं?" आणि मग त्याच्याच लक्षात आलं, की आज घरचं माणूस फोनवरच आहे.

हा प्रश्न दोघांच्या सवयीचा होता. दिलेले सगळेच डोळे काही बसत नाहीत. कधी उशीर होतो, कधी रक्ताच्या तपासणीत काही निघतं. ते सुगत एकट्या सिद्रामप्पाला सांगायचा आणि सिद्रामप्पा ते पोटात ठेवायचा. घरच्यांना तो एकच सांगायचा, "दोघांला दिसाय लागलं." तेही बरोबरच होतं म्हणा. पोटचं पोर गेलेल्या आईला कुठल्या तोंडानं सांगणार, की तुझ्या लेकराचे डोळे चालले नाहीत? पण आता तेच वाक्य स्वतःला सांगून पाहिलं, तर ते घशाखाली उतरेना. औषध बनवणाऱ्यालाच ते कसं लागू पडणार!

बाराव्या दिवशी मंडळानं रीतीप्रमाणं अंगणात सभा घेतली. ज्या घरानं नेत्रदान केलं, त्याला सन्मानपत्र द्यायचं, ही रीतही सिद्रामप्पानंच घालून दिलेली. रामलिंग बोलला. वर्षाराणीनं ते सन्मानपत्र छातीशी धरलं आणि बापाच्या कानाशी वाकून विचारलं, "अप्पा, आई कुटंतरी बघून राहिली की, न्हाई का?"

सिद्रामप्पा उठून उभा राहिला. रामलिंगनं सदऱ्याचं टोक ओढलं, तरी खाली बसला नाही. "हिचे डोळे कुनालाच बसले न्हाईत," तो म्हणाला. "वारा म्याच घातला. साडेतीन घंटे घातला. तिनं माझ्या हातानं द्या म्हनलं हुतं, आन् माझ्याच हातानं गेले." वर्षाराणीच्या तोंडाकडं त्याला बघवेना.

 मग बायकांतून साखराबाई उठली. जवळच्या वाडीची ही म्हातारी. तिचा एकुलता एक दयानंद तीन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडून गेला आणि तिनं सिद्रामप्पाच्या शब्दावर त्याचे डोळे दिले. तेव्हापासून ती निलंग्याच्या बाजारात माणसांच्या तोंडाकडं बघत फिरायची. कुणी जास्त वेळ बघितलं तिच्याकडं, तर दिवसभर खुशीत असायची. दयानंदचे डोळेही बसले नव्हते, हे सुगत आणि सिद्रामप्पा सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

"अप्पा," ती म्हणाली. "डोळे बसत न्हाईत, असंबी असतंय व्हय? मग माझ्या दयानंदाचे? त्याचे बसले हुते ना?"

सगळं अंगण सिद्रामप्पाकडं बघत होतं. न बसलेल्या डोळ्यांबद्दल पहिल्यांदा खरं बोलून त्याला जेमतेम मिनिट झालं होतं.

"बसले की, माय," तो म्हणाला. "दोघांला बसले. फकस्त हिचेच न्हाई बसले."

साखराबाईचा जीव भांड्यात पडला. पदरानं तोंड पुसत ती माणसांतून वाट काढत त्याच्याजवळ आली आणि लेकराला थोपटावं तसा त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "नगा रडू, अप्पा," ती म्हणाली. "समद्यांच्या नशिबात नसतंय ते." सिद्रामप्पानं खाली बघत मान हलवली.