पाहुण्यासाठी बंद ठेवलेली काजूची शेड

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. गाडीत हजर : मी, गाडी चालवायला आमचे यजमान, आणि पुण्याचे काजू-व्यापारी देशमाने.

माझं माहेर चंदगड तालुक्यातलं. तिथे माझी चुलत बहीण रत्नाक्का काजू फोडायची शेड चालवते. भागीदार मिळाला नाही तर पुढच्या वर्षी शेडला कुलूप, आणि गावातल्या बायका गोव्याच्या कारखान्यांत. देशमान्यांना पटवायचंच, एवढं ठरवून कोल्हापूर सोडलं.

गडहिंग्लजनंतर ऊस विरळ झाला. कापणी झालेली भाताची खाचरं, मग काजूच्या बागा आणि वळणंच वळणं. देशमाने खिडकीतून पाहत होते. चांगलं लक्षण.

शेडपुढे मांडव, हलगी, फेटे. आत सामसूम.

“काम?” देशमान्यांनी विचारलं.

“आज कसलं काम! पावणं येणार म्हणून सगळ्यास्नी सुट्टी दिली की,” रत्नाक्का खुशीत म्हणाली. “मटण म्हामूर (भरपूर) केलंय.”

“मी काम बघायला आलो होतो,” फेटा सावरत ते म्हणाले आणि घड्याळाकडे बघू लागले.

आमच्याकडचा पाहुणचार असा अंगाशी येतो. मी अक्काला बाजूला घेतलं. “काल वाफवलेल्या बिया आहेत ना?”

“हायत. पर बायका नटून आल्यात.”

“नटू देत. वरनं शर्ट घाला.”

जरीच्या साड्यांवर नवऱ्यांचे जुने शर्ट चढले, चीक लागू नये म्हणून हाताला तेल लागलं आणि यंत्रं कटकट करू लागली. देशमाने बी उचलायला वाकले, तशी यंत्रावर बसलेली शारदा ओरडली, “पावणं, हात लावू नगा! चिकानं कातडं जाईल, मग बायकू घरात घ्यायची न्हाय!”

ते खळखळून हसले. मग तासभर प्रश्नच प्रश्न. मटण गार झालं.

जेवताना ते म्हणाले, “नवी यंत्रं देतो. पण बायका टिकतील?”

अक्काच्या आधी शारदाच बोलली. “पगार जरा कमी चालंल, सायेब. पर गोव्यात संडास हाय. हितं दिवसभर पाणी प्यायचं न्हाय, न्हायतर शेताडीत पळायचं.”



“आधी ते बांधा,” देशमाने म्हणाले. “मग मला बोलवा.”

परतताना मला माझाच राग आला. पाहुण्याला काय दाखवायचं, याचा विचार महिनाभर केला. रोज येणारीला काय हवं, हे विचारलंच नव्हतं. गडहिंग्लजला गाडी थांबवून गवंड्याला फोन लावला. सोमवारी येतो म्हणाला.

सोमवार गेला. संडासाचा खड्डा अजून खणायचा आहे.