मोहियोद्दीनभाईंनी केलेलं मनःपूर्वक स्वागत

…तर मल्लम्मा चहाच्या कपाला हात न लावता उठली, इथवर काल आलो होतो. पण काल जे बसले नव्हते ते आता विचारतील, कोण मल्लम्मा आणि कसला चहा; म्हणून थोडं मागून घेतो.

अहमदपूरला बाजाराच्या रस्त्यावर विरूपाक्षशेटचं कापडाचं दुकान आहे. त्या दुकानाच्या गादीवर मोहियोद्दीनभाई मिसरूड फुटायच्या आत बसले, ते दाढी पांढरी झाली तरी तिथंच आहेत. जळकोटपासून मुखेडपर्यंत कितीतरी लग्नांचे बस्ते त्यांच्या हातानं बांधले गेले. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी एका दुकानात, एका बैठकीत. नवरीची आई, आत्या, मावश्या, एक रुसायलाच आलेली चुलती, आणि पैसे देणारा पण ज्याला कुणी काही विचारत नाही असा बाप, एवढी सगळी जत्रा एका जीपमध्ये कोंबून येते. गादीवर मांडी ठोकली की दिवस मावळला तरी हलत नाही. त्यात पहिल्या साडीला मान. तिला हळदकुंकू लावून बाजूला ठेवायचं आणि मग बाकीच्या गठ्ठ्यांना हात घालायचा. ती पहिली साडी ज्यानं काढून दिली, त्याचा हात लग्नाला लागला असं आपल्याकडं मानतात.

मल्लम्मा जळकोटकडची. तिचं माहेर आणि भाईंचं आजोळ एकाच गावचं, म्हणून ती त्यांची अक्का. तिच्या लेकींची, सुनेची, सगळ्यांची पहिली साडी भाईंनीच काढली. आणि दरवेळी दोघांचं भांडण झालं.

भांडायला कारण भाईंचं तोंड. त्यांची काही ठरलेली वाक्यं होती, आणि ती ऐकून ऐकून तीन तालुक्यांचे कान किटले होते. “हात लावून बघा, लोणी हाय लोणी.” “ही साडी नेसली की नणंद जळती अन् सासू हसती.” “भावाचं काय घेऊन बसलात, घरचंच दुकान हाय.” यावर मल्लम्मा म्हणायची, घरचं हाय तर पैसे कशाला घेतोस रे मुडद्या? भाई कपाळावर हात मारून घ्यायचे, ती पदरात हसायची, आणि बस्ता सुरू व्हायचा. म्हणजे पूजेआधी जशी घंटा वाजवतात तसं ते.

आता शेटचा मुलगा आलोक. लहानपणी तो भाईंच्या मांडीवर बसून रेशमी तुकडे चघळायचा. शिकून आला, दुकानात बसू लागला, पोरगं मनानं चांगलं. पण लातूरला कसल्याशा दोन दिवसांच्या शिबिराला गेलं आणि जाहिरातीची भाषा घेऊन आलं. आधी रिक्षावर भोंगा लावला. भर दुपारी, माणसं जेवून आडवी झाली की तो भोंगा चौकात यायचा: खूशखबर, खूशखबर, खूशखबर. खरेदीचा महाधमाका. फक्त आणि फक्त आपल्यासाठी. आज शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेवटचा दिवस. चौकातल्या उमाबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, गॅलरीतून रिक्षावाल्याला विचारायच्या की बाबा, तुझा शेवटचा दिवस एकदाचा कधी उजाडणार?

भोंग्यानं भागलं नाही, तेव्हा आलोकनं दुकानातल्या सगळ्यांना एक वाक्य पाठ करायला दिलं. गिऱ्हाईक दारात आलं की हात जोडून म्हणायचं, “नमस्कार. आपलं मनःपूर्वक स्वागत आहे. मी आपली काय सेवा करू शकतो?” भाईंनी आधी टाळाटाळ केली. खोकला आला, दात दुखला, नमाजची वेळ झाली. शेवटी विरूपाक्षशेट हळूच म्हणाले, पोराचा मान राख मोहियोद्दीन, नवीन आहे, हिरमुसेल. मग भाईंनी ठरवलं की बोलायचंच तर झोकात बोलायचं. रात्री घरी आरशासमोर तालीम केली. फरीदाभाभी भाकरी थापता थापता ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, मला वाटलं कर्ज घ्या म्हणून बँकेचा फोन आला.

दुसऱ्या दिवशी नेमकी मल्लम्माची जीप आली. नात मुग्धाचं लग्न ठरलेलं. मल्लम्मा काठी टेकत पायरी चढली, भाईंकडं बघून अर्धी हसली, उत्तर तयारच होतं तिचं. आणि भाईंनी हात जोडले, मान लववली, आणि एक अक्षर न चुकता ते वाक्य म्हटलं.

मल्लम्मानं आधी मागं वळून पाहिलं, आपल्या पाठीमागं कुणी साहेब आलाय का. मागं तिचाच मुलगा रामलिंग, हातात पाण्याची कॅन. ती गादीवर बसली. भाईंनी तेवढ्याच अदबीनं “आपल्याला कोणत्या प्रकारात दाखवू?” असं विचारलं. चहा आला. मल्लम्मा कपाकडं बघत राहिली.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. रोज तू म्हणणारा माणूस अचानक ‘आपण’ म्हणायला लागला, तर तो सुधारला असं कुणी समजत नाही. तो रागावलाय असं समजतात. भाऊबंदकीत बांधावरून बिनसलं की लोक असंच बोलतात, या बसा, आपण चहा घेणार का. मल्लम्माच्या मनात तर आधीच काटा होता. मागच्या उन्हाळ्यात भाईंच्या लेकीचा, सबिहाचा निकाह झाला, त्याला ती आली नव्हती. गुडघा सुजला होता हे खरं. पण नंतर येऊन दोन शब्द बोलायचे तेही राहून गेले. ती उठली आणि रामलिंगला म्हणाली, “सबिहाच्या निकाहाला गेलो न्हाई, त्याचा राग हाय. चला. परक्याच्या दारात बस्ता व्हत न्हाई.”

अख्खी जीप उठली आणि समोरच्या दुकानात जाऊन बसली.

आलोक धावत आला. पोराचा चेहरा उतरला होता. म्हणाला, काका, तुम्ही तर एकदम बरोबर बोललात, मग झालं काय? भाईंनी मल्लम्माचा भरलेला कप उचलून बाजूला ठेवला. आलोक म्हणाला, मी जाऊन सांगतो आजीला, वाक्य माझं होतं. भाईंनी त्याला खाली बसवलं. हे गिऱ्हाइकाचं काम नाही, म्हणाले, हे माझ्या आजोळचं आहे.

पण जायचं कसं? बस्ता बसलेल्या दुकानाची पायरी दुसऱ्या दुकानाच्या माणसानं चढायची नाही, हा बाजाराचा कायदा. गिऱ्हाईक फोडायला आला म्हणून बोभाटा होतो. इतक्या वर्षांत भाईंनी तो कधी मोडला नव्हता. दारात उभं राहून ते समोर बघत राहिले. तिकडं साड्या उलगडल्या जात होत्या. मुग्धाच्या आईनं पिशवीतून हळदकुंकवाचा करंडा बाहेर काढला. तो दिसला मात्र, भाईंनी चपला पायात सरकवल्या.

रस्ता ओलांडताना काय बोलायचं ते त्यांनी ठरवून टाकलं होतं. राग कसला अक्का, मालकाच्या पोरानं शिकवलेलं बोललो, एवढंच म्हणायचं. सोपं होतं.

समोरच्या दुकानात एक कोवळा सेल्समन घामाघूम झाला होता. हा कलर सध्या लई चालून राहिलाय, म्हणत होता. शेवटचाच पीस आहे, म्हणत होता. कुणी हूं म्हणेना तेव्हा त्यानं एका पोपटी साडीचा पदर मल्लम्माच्याच खांद्यावर टाकला आणि आजी, पंचविशीच्या दिसून राहिलात, असं म्हणाला. मल्लम्मानं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं पदर उचलून मुग्धाच्या खांद्यावर नेला. तेवढ्यात दारात भाई. मालकानं गल्ल्यावरून मान वर केली, पण भाईंची पांढरी दाढी बघून पुन्हा वहीत घातली.

भाई गादीवर गेले नाहीत. कडेला, मल्लम्माच्या काठीशेजारी टेकले. मुग्धाच्या आईचं बोट कुंकवात तसंच थांबलं. मल्लम्मा त्यांच्याकडं न बघता म्हणाली, “मोद्दीन, आता गोड बोलू नको. तुला राग हाय का न्हाई, तेवढं सांग.”

भाईंनी ठरवलेलं वाक्य ओठावर आणलं, गिळलं, आणि म्हणाले:

“हाय की. निकाहाच्या दिवशी जेवणं उठेपर्यंत तुझ्या खुर्चीवर म्या कुणाला बसू दिलं न्हाई, फरीदाच्या सख्ख्या भावाला उभं ठेवलं. तवापासून राग हाय, अन् अक्का दारात आली की भांडीन म्हणून वाट बघून राहिलो व्हतो. तू आज आलीस, तर माझ्या तोंडात पोराचं वाक्य. आता चल तिकडं, बसून भांडू. अन् मुग्धाच्या खांद्यावरची ती पोपटी आधी काढ, पोरीला अजिबात शोभून न्हाई राहिली.”