गोळे भरणाऱ्या बायकांची लढाई

चार बायका डबा खायला बसल्या की किस्से संपत नाहीत. त्यात आम्ही भद्रावतीजवळच्या कारखान्यात तोफगोळ्यांत स्फोटकं भरणाऱ्या! सीमेवर लढाई सुरू झाली आणि कॉलनीत इतके किस्से साचले, की सांगता सांगता वरण थंड व्हायचं.

*

आधी मॉक ड्रिलचा. सायरन वाजला की टेबलाखाली, पलंगाखाली लपायचं, असं घरोघरी बजावलं होतं. सायरन वाजला. आणि आमचे गजाननभाऊ, सगळ्यात जुने कामगार, सुट्टी असूनही बनियनवरच सायकल काढून कारखान्याच्या गेटवर हजर! मागोमाग क्वार्टरांची अर्धी लाइन.

सिक्युरिटीवाले साहेब ओरडले, "अहो, लपायचं होतं!"

"साहेब," गजाननभाऊ धापा टाकत म्हणाले, "जिंदगीभर भोंगा वाजला का धावत आलो. आता पाय आयकत नाई!"

*

मग ब्लॅकआउट. पुष्पा मडावीची सासू एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावाहून दवाखान्यासाठी आली होती. संध्याकाळी सगळ्या कॉलनीचे लाइट गेले. पुष्पानं समजावलं, "आई, घाबरू नोका. लढाई हाय ना, म्हनून अंधार केला."

म्हातारी विचारात पडली. मग म्हणाली, "आमच्या गावात तं रोजच लाइट नसते. आमची कोनाशी लढाई हाय वं?"

*

कारखान्यातलं काहीही फोनवर बोलायचं नाही, अशी ताकीद मिळाली. पुष्पानं ती फारच मनावर घेतली. चंद्रपूरहून तिच्या बहिणीचा फोन आला.

"काय करून राह्यली वं?"

"सांगता येत नाई."

"अवं, भाजी कोनती केली, ते विचारून राह्यली!"

पुष्पानं इकडेतिकडे पाहिलं. "ते बी नाई."

*

आमचे हे! कोणीतरी सांगितलं, बाजारातलं मीठ संपणार. यांनी अख्खी गोणी आणली आणि पलंगाखाली सरकवली. आता ड्रिलमध्ये लपायचं कुठं, हा विचारच नाही! शेवटी एकदाची टीव्हीवर बातमी आली, लढाई थांबली. शेजारीपाजारी टाळ्या वाजवत होते. हे मात्र गोणीकडे बघत म्हणाले,

"इतक्या लवकर काऊन थांबवली?"

*

आता शांताबाई रामटेकेचा. शांताबाई आमच्या सेक्शनची सगळ्यात पक्क्या हाताची बाई. तिचा मुलगा सुमित फौजेत, नेमका सीमेवर. लढाई सुरू झाली आणि त्याचा फोन बंद झाला. शांताबाई रडली नाही. रोज ओव्हरटाइम मागून घेतला. म्हणायची, "घरी टीव्ही पाहून जीव जाईन माझा. इथी हात तरी चालते."

गोळा वाया गेलेला फोरमन साहेबांना अजिबात खपत नाही. ते म्हणाले, "बाई, थकलात तुम्ही. हात चुकायचा."

"माह्या पोराच्या कामी येईन हा गोळा, साहेब. हात चुकन कसा?"

लढाई थांबली, तरी फोन नाही. आम्ही डबा खायला बसायचो, पण शांताबाईसमोर कोणाच्या तोंडून विनोद निघेना.

एका संध्याकाळी शिफ्ट सुटली. गेटवर जमा केलेला फोन शांताबाईनं हातात घेतला आणि तो वाजला. सुमित!

"काऊन रे? माय जिती हाय का मेली, इचारायचं तरी!" शांताबाई अशी कडाडली, की रांगेतली माणसं मागे सरली. मग तिथंच खाली बसून ढसाढसा रडली. आम्हीही रडलो. पुष्पानं फोन स्पीकरवर टाकला.

"आई, आयक तं," सुमित सांगत होता. "पलीकडून त्यायचा एक गोळा सरळ आमच्या बंकरले येऊन लागला. फुटलाच नाई! म्हनून आज तुह्याशी बोलून राह्यलो."

रांगेतल्या फोरमन साहेबांनी वर बघून हात जोडले.

शांताबाईनं रुमालानं डोळे पुसले आणि हळूच म्हणाली,

"ज्या बाईनं तो भरला असन ना, तिले लय बोलला असन तिचा साहेब."