वाटणीत राहून गेलेलं नाव

तारीख मंगळवारी होती. त्या मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता माझे मोठे मामा उमरखेडच्या आपल्या कापड दुकानात गादीवर वारले. साडेअकरा वाजता यवतमाळच्या न्यायालयात शिपायानं वादी म्हणून त्यांचं नाव पुकारलं. प्रतिवादी म्हणून बसलेले माझे धाकटे मामा उठले आणि म्हणाले, "हजर आहेत साहेब. पाणी प्यायला गेले."

मोठ्या मामांइतकं कायद्यावर प्रेम करणारा आणि त्यातलं इतकं थोडं कळणारा माणूस आमच्या जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. इतर दुकानदारांना नोटीस आली की घाम फुटतो. मामांना नोटीस आली की मामींना शिरा करावा लागे. पोस्टमनला गादीवर बसवून, चहा पाजून, पोचपावतीवर ते अशी ऐटदार सही करत की पोस्टमनलाच आपण काहीतरी जिंकल्यासारखं वाटे. एकदा मुंबईच्या कोणा वकिलाची नोटीस आली की, आपल्या दुकानात विकले जाणारे टॉवेल आमच्या पक्षकाराच्या चिन्हाची नक्कल करणारे आहेत, ते विकणं तात्काळ थांबवावं. टॉवेल खरोखरच नकली होते. ठोक व्यापाऱ्यानं गळ्यात मारले होते. मामांनी स्वतःच्या अक्षरात उत्तर पाठवलं : "आपली नोटीस मिळाली. मजकूर फार सुंदर आहे. इकडे येणं झाल्यास घरी उतरावं." आणि टॉवेल मांडणीवरून काढून टाकले. "इकू नका असं लिवलं हाय," ते मला म्हणाले, "पुसू नका असं कुठं लिवलं?" पुढं दोन वर्षं आमच्या सगळ्या नातलगांनी त्या टॉवेलांनी अंग पुसलं. लग्नात, बारशात, डोहाळजेवणात, मामांकडून आहेर म्हणून टॉवेलच यायचा.

मी इथल्याच महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. माझा स्वभाव न बोलण्याचा, म्हणून सुट्टीच्या दिवशी त्यांच्या दुकानात कोपऱ्यात बसून नुसतं ऐकत राहणं ही माझी मोठी करमणूक होती. मामा गिऱ्हाइकाशी कोर्टाच्या भाषेत बोलत. साडी उलगडली की म्हणत, "हरकत असल्यास आत्ताच नोंदवा." पुडकं हातात देताना म्हणत, "ताबा घ्या." चहाला कोणी नको म्हटलं तर "आपला हक्क अबाधित ठेवून अर्धा घ्या." फुलसावंगी, महागावकडून येणाऱ्या बायकांनाही हे इतकं अंगवळणी पडलं होतं की, एका म्हातारीनं परकराचं कापड घेताना "मही हरकत हाय" असं म्हणून भाव पाडून घेतला होता, आणि मामांनी ती हरकत मंजूर केली होती.

मीटरनं कापड मोजून झालं की कात्री लावण्याआधी मामा चार बोटं पुढं सरकत. ही त्यांच्या वडिलांची पद्धत. "शिंप्याची कात्री बी काही खाते ना," ते म्हणत. एकदा वजनमापे खात्याचे निरीक्षक आले. मीटरच्या पट्टीवर त्या वर्षाचा शिक्का नव्हता. निरीक्षक म्हणाले, मोजून दाखवा. मामांनी सवयीनं मोजून दाखवलं. कापड जास्त भरलं. पुन्हा मोजलं, पुन्हा जास्त. निरीक्षक बराच वेळ डोकं खाजवत उभे राहिले. "कमी मोजणाऱ्याचं कलम मला माहीत आहे," ते म्हणाले, "याला कशात बसवू?" मामा मनापासून म्हणाले, "बसवा ना साहेब कशात तरी. तुमचं येणं फुकट कायले जाऊ द्याचं?"

सगळ्यात मोठा धसका त्यांना बसला तो आपल्याच पाटीचा. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी आजोबांच्या वेळेपासून भिंतीवर होती. कायद्याचं शिकणाऱ्या एका मुलीनं ब्लाउजपीस घेता घेता सांगितलं की अशी पाटी लावणं ग्राहकाच्या हक्काविरुद्ध आहे. मामा पांढरेफटक पडले. इतकी वर्षं आपण भिंतीवर गुन्हा टांगून त्याखाली उदबत्ती लावत होतो, हे त्यांना सोसवेना. दुसऱ्या दिवशी पेंटर बोलावून त्यांनी "जाणार नाही" पुसून "जाईल" केलं. मग लग्नसराईत साड्या परत यायला लागल्या. हळदीचे डाग पडलेल्या, पदराला गुलाबजामाचा पाक लागलेल्या, एक तर साडीपिनेसकट. मामी चिडायच्या. "अहो, हिनं लग्न लावलं ना या साडीत!" मामा साडीचा वास घेऊन म्हणायचे, "लागलं असन. कायदा लग्नाचं इचारत नाही." वर्षभरानं मामींनी ती पाटीच उतरवून आत नेली आणि तिच्यावर पापड वाळत घातले.

आता खटल्याचं सांगायला हवं. दुकान आजोबांनी काढलं आणि त्याला आजीचं नाव दिलं. ते नाव मी इथं लिहीत नाही. आजी-आजोबा गेल्यावर दोन्ही भावांनी वाटणी केली, तोंडी, देवासमोर, हसतखेळत. कापडाची थानं मोजली, आरसे मोजले, कात्र्या मोजल्या, बसायच्या गाद्याही मोजल्या. नाव मोजायचं राहून गेलं. मोठ्या मामांनी जुनं दुकान ठेवलं. धाकट्यांनी समोर गाळा घेतला आणि दसऱ्याला पाटी लावली, तर तिच्यावरही आजीचंच नाव. मोठ्या मामांनी आपल्या पाटीवर "मूळ" घातलं. पंधरा दिवसांत समोर "मूळ व जुने" आलं. इकडे "सर्वात जुने" झालं. मग समोरच्यांनी "आमची कुठेही शाखा नाही" लिहिलं, तर मोठ्या मामांनी तेच वाक्य लिहून पुढं समोरच्या दुकानाकडं दाखवणारा हात काढून घेतला. पेंटरनं त्या वर्षी मुलीचं लग्न केलं.

मग कोणीतरी मोठ्या मामांना सांगितलं की दुकानाच्या नावाची सरकारदरबारी नोंद करता येते. त्यांनी अर्ज केला आणि नोंद मिळवली. दाखला आला त्या दिवशी तो हातात धरून ते भर रस्त्यातून समोर गेले.

"पाह्य लहान्या. माय आता कायद्यानं माही हाय."

"मंग माही कोन हाय?" धाकटे मामा म्हणाले.

"ते तू तुह्या वकिलाले इचार."

असा दावा सुरू झाला. यवतमाळची तारीख पडली की दोघं सकाळची सहाची एसटी धरत. जो आधी पोचेल तो दुसऱ्यासाठी खिडकीजवळ रुमाल टाकून जागा धरी. आर्णीला गाडी थांबली की आलुबोंडे घेत. दोघांच्या वकिलांनी एकमेकांशी बोलू नका असं बजावलं होतं, म्हणून न्यायालयाच्या फाटकाशी आल्यावर ते वेगळे होत आणि परतीच्या गाडीत पुन्हा शेजारी बसत. मोठ्या मामांना वऱ्हांड्यात फिरून दुसऱ्यांचे खटले ऐकायचा नाद. नाव पुकारलं तेव्हा ते कधीच जागेवर नसत, आणि "हजर आहेत, आत्ता येतील" हे सांगण्याचं काम प्रतिवादीचं. आम्ही घरात या सगळ्यावर फार हसलो. मी सगळ्यात जास्त.

त्या मंगळवारी मात्र फुलसावंगीहून लग्नाच्या बस्त्याची माणसं येणार होती. मोठे मामा म्हणाले, "तू हो पुढं, हजेरी लाव. मी बस्ता उरकून मागच्या गाडीनं येतो." बस्त्याची माणसं वेळेवर आली. मामांनी शालू उलगडून दोन्ही हातांवर धरला आणि म्हणाले, हरकत असल्यास आत्ताच नोंदवा. नवरीची आत्या म्हणाली, "काठ लहान हाय." मामांनी उत्तर दिलं नाही. ते शालूकडे बघत होते. लोक थांबले. हरकतीला उत्तर दिल्याशिवाय ते कधी राहत नसत, म्हणून सगळ्यांना वाटलं विचार करताहेत. किती वेळ थांबले हे त्यांच्यापैकी कोणालाच नंतर सांगता आलं नाही.

मामींचा निरोप आल्यावर मी महाविद्यालयातून धावत गेले. धाकट्या मामांचा फोन न्यायालयात बंद. बारा वाजता लागला. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलले, "पोरी, दादाले सांग, पुढची तारीख भेटली. आन् त्याचा आलुबोंडा म्या खाल्ला, वाट कुठवर पाहू?" मी ते ऐकून घेतलं. मग सांगितलं. ते म्हणाले, "काहून?"

तेरावं झाल्यावर मोठ्या मामांच्या वकिलांकडचा एक तरुण वकील कागद घेऊन आला. वादी मयत झाल्यावर नव्वद दिवसांत वारसांनी अर्ज केला नाही, तर दावा आपोआप संपतो. मूलबाळ नव्हतं, वारस एकट्या मामी. त्यांनी वकालतनाम्यावर सही करायची होती. धाकटे मामा तिथंच बसलेले होते. दहनापासून ते रोज सकाळी येऊन त्याच खुर्चीत बसत.

"करा वहिनी सही," ते म्हणाले.

"तुमच्याच इरुद्ध?"

"मंग? दादाचा दावा हाय. तो जिकला नाही, मी हारलो नाही. असा मधातच कसा सोडाचा? पुढची तारीख बी लागली हाय."

तरुण वकील आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिला. प्रतिवादीच वादीला सही करायला लावतोय, हे त्याला बहुधा कुठं शिकवलं नव्हतं.

मामींनी चष्मा पुसला. "आंधी काय लिवलं ते मले आयकू द्या. इतकी वर्सं मी निस्ते डबे भरले." दाव्याचा कागद माझ्याकडे आला. धाकटे मामा म्हणाले, "हो वाच. म्याही नाही वाचला कधी. आला तसा वकिलाले देला."

मी वाचू लागले. आजोबांचं नाव आलं, आजीचं आलं, दुकानाची चतुःसीमा आली. दोघंही माना डोलवत होते. मग हे वाक्य आलं : "सदर प्रतिवादी हा लबाड व कांगावखोर इसम असून त्याचा उक्त नावाशी काहीएक संबंध नाही."

लबाड ऐकून धाकटे मामा हसले होते. आता ते पुढं झुकले. "इसम म्हंजे?"

मी पुढची ओळ वाचायला घेतली.

"तू त शिकेल हायस. सांग ना. इसम म्हंजे काय?"

"म्हणजे माणूस," मी म्हणाले. "कोणीतरी."

"कोनीतरी." त्यांनी तो शब्द तोंडात धरून पाहिला. "लबाड ठीक हाय. लबाड त तो मले लहानपनापासून म्हने. कांगावखोर बी असन. पन इसम? दादानं मले इसम म्हनलं?"

तरुण वकील घाईनं म्हणाला, काका, ही लिहायची पद्धत असते, सगळ्याच दाव्यांत असं लिहितात. ते खरं होतं, आणि मला ते सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं. दावा टाईप होऊन आला तेव्हा मोठ्या मामांनी तो माझ्याकडे आणला होता. "शुद्धलेखन तेवढं पाह्य, साहेबासमोर लाज नको जायले." मी ग्रंथालयात बसून पेन्सिलीनं तपासला. टाईप करणाऱ्यानं "ईसम" लिहिलं होतं. मी ई ऱ्हस्व केली. माझी पेन्सिल त्या शब्दावर टेकली होती. तिथं "भाऊ" हवं, हे मला सुचलं नाही. मी त्या पानावर चौदा चुका काढल्या होत्या.

हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. नंतरही सांगितलेलं नाही. इथं पहिल्यांदाच लिहिते आहे.

मामींनी पेनाला टोपण लावलं. "यावर मही सही होनार नाही."

"वहिनी, दादाचं काम अर्धं राहीन."

"राहू द्या. त्याईचं दुसरं कोनतं काम पुरं झालतं?"

तरी धाकट्या मामांनी आशा सोडली नाही. दर आठवड्याला ते सांगत, "वहिनी, अजून चाळीस दिवस हायत. अजून पंचवीस हायत." कधी कागद खिशात घालून आणत, कधी पेनही. मामी त्यांना जेवायला वाढत आणि विषय बदलत. नेमलेल्या तारखेला ते सहाच्या गाडीनं एकटेच यवतमाळला गेले. जायची गरज नव्हती, त्यांच्या वकिलांनी तसं सांगितलंही होतं. शिपायानं वादीचं नाव पुकारलं तेव्हा ते उभे राहिले, पण त्यांना काय म्हणायचं ते आठवेना. न्यायाधीशांनी दोनदा विचारलं. मग वकिलांनी त्यांच्या वतीनं सांगितलं, वादी मयत आहेत.

नव्वद दिवस गेले आणि पुढं रीतीप्रमाणे दावा संपला.

मामी आता रोज दहाला दुकान उघडतात. कापड मोजायला त्यांना जड जातं, म्हणून दुपारी धाकटे मामा समोरून येऊन मोजून देतात आणि परत जातात. दोन्ही दुकानांवर आजीचं नाव आहे. कोणाचीही हरकत नाही.