डोक्याकडची दोरी

किर्स्टीने ओटच्या पेजेखालची आच कमी केली आणि दारावर थाप पडली. बेटावर दार ठोठावून कुणी येत नाही. कडी काढायची, हाक द्यायची, की माणूस आत.

"परका दिसतोय," तव्यावर भाकऱ्या टाकत शेजारीण डोलीना म्हणाली. "नाहीतर नवे पाद्रीबाबा. त्यांनाही अजून आपली रीत कळलेली नाही."

किर्स्टीला आज कुणीच नको होतं. पलीकडच्या खोलीत तिच्या भावाची, इवनची शवपेटी होती. उद्या माती द्यायची. पेटी खाली सोडायला आठ दोऱ्या असतात. सात कुणी धरायच्या ते ठरलं होतं. आठवी डोक्याकडची, ती मेलेल्याच्या घराण्यातल्या पुरुषाने धरायची. पण इवनचं लग्न झालं नव्हतं, किर्स्टीचंही नाही. आणि बायका कबरीपाशी जात नाहीत. ती दोरी परक्या हातात गेली तर घराण्याचं कुणी उरलं नाही, हे सगळ्या बेटासमोर उघडं पडणार होतं.

दारात साठीचा एक माणूस उभा होता. गळ्यात लाल चौकड्यांचा कोरा मफलर. ओढलेले पडदे पाहून तो अडखळला.

"मी लॉक्लन मॅक्युइश. कॅनडाहून आलोय. आमचं घराणं मूळचं इथलं. बोटीवर कळलं की ते नाव लावणाऱ्या तुम्ही आहात. पण मी चुकीच्या वेळी आलो."

त्याची गेलिक ऐकून डोलीना वळली. बोली इथलीच होती, फक्त आज्यांच्या तोंडची.

"आलाच आहात तर बसा," किर्स्टी म्हणाली. "आडनाव राहू द्या. कुणाचे तुम्ही?"

"अँगसचा. अँगस नीलचा, नील डोनल्डचा," तो पाढ्यासारखं म्हणाला आणि थांबला.

"डोनल्ड कुणाचा?"

"आजीला ठाऊक होतं. ती सांगायला बसली की मी बाहेर पळायचो."

"आणि हा मफलर?"

"आपल्या घराण्याचे रंग आहेत ना? दुकानदार म्हणाला."

"दुकानदाराच्या घराण्याचे असतील," डोलीना म्हणाली. "यांच्याकडे मेंढीच्या लोकरीचा रंग तोच माणसाच्या कपड्यांचा."

तो हसला. मफलर काढून त्याने गुपचूप खिशात कोंबला. किर्स्टीने त्याच्यासमोर पेजेचा वाडगा ठेवला.

किर्स्टीच्या घराण्याचा मूळपुरुष कॅलम, त्याला दोन मुलगे होते. जॉन राहिला, त्याच्या वंशात ती आणि इवन. डोनल्ड जहाजावर चढला तो परत आला नाही. पण डोनल्ड त्या काळी घरोघरी होते.

"याचा डोनल्ड तुमचाच कशावरून?" डोलीना तिच्या कानाशी पुटपुटली. "लोक विचारतील हं."

किर्स्टीला वडिलांचं सांगणं आठवत होतं. कॅलम स्काय बेटाहून आला, समुद्री शेवाळ जाळून खार काढायच्या कामावर. तेव्हा त्याचं आडनाव निराळंच होतं. कोणतं, ते वडिलांनाही सांगता येत नसे. तापाने फणफणून तो एका मॅक्युइशच्या उंबऱ्यावर पडला. त्यांनी उचलून आत घेतला, पुढे जमिनीचा तुकडा दिला, आणि तो त्यांचंच नाव लावू लागला. त्याला कुणी विचारलं नव्हतं, कशावरून म्हणून.

लॉक्लन वाडगा पुसून उठला. "निघतो. तुमच्या दुःखात मध्येच आलो."

"बस जरा," किर्स्टी म्हणाली. पलीकडच्या खोलीचं दार तिने उघडलं, आत एकदा बघितलं. "परतीची बोट कधीची?"

"उद्या सकाळची. पण मला घाई नाही."

"मग ती जाऊ दे. उद्या माझ्या भावाची डोक्याकडची दोरी तू धर."